जिना, सर आणि माझ्या न मरणाऱ्या पेशी

रिकाम्या बरण्या कोणी ठरवून साठवीत नाही. ‘असू द्या, लागेल कधीतरी’ असे म्हणत एकेक बरणी फळीवर जाते आणि एके दिवशी लक्षात येते, की नवी ठेवायला जागाच उरलेली नाही! विज्ञान शिकणाऱ्या मुलींना घरात ठेवून घेतले की किश्श्यांचेही असेच होते. माझी फळी भरली आहे. तेव्हा आज काही बरण्या खाली उतरवते, पुसते आणि तुमच्यापुढे मांडते.

आधी माझी ओळख. मी अकरावीची जुनी मॅट्रिक. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर आम्ही तळेगाव दाभाड्याला हे दुमजली घर बांधले. हे गेल्यावर वरचा मजला ओस वाटू लागला, म्हणून तो संशोधन करणाऱ्या मुलींना देऊ लागले. सध्या दोघी आहेत. सायली आपल्या मावळातलीच, उर्से टोलनाक्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या शेतकऱ्याची नात. मेघना नागपूरची. दोघी एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांच्या हाताखाली पीएचडी करतात. विषय असा : रक्तातील बी लिम्फोसाइट नावाच्या पेशींमध्ये रोगप्रतिकाराची जनुके कोण चालू करते आणि कोण बंद करते. हे वाक्य मी न अडखळता म्हणू शकते. पाहुण्यांवर त्याचा फार चांगला परिणाम होतो!

घराचे नियम तीनच. जेवण आठ वाजता. लोणच्याच्या प्रत्येक बरणीला तिचा स्वतःचा चमचा, या बरणीतला त्या बरणीत जाणार नाही. आणि पुरुष पाहुणा व्हरांड्यापर्यंत. त्याने जिना चढायचा नाही, मग तो भाऊ असो, वडील असोत, नाहीतर मार्गदर्शक!

*

तिसऱ्या नियमाचा पहिला फटका सरांनाच बसला.

सर म्हणजे चाळिशीतले, उंच, सदैव घाईत असलेले गृहस्थ. एका संध्याकाळी एक आलेख हातात घेऊन ते आले आणि चप्पल न काढताच जिन्याकडे वळले.

“सर,” मी म्हटले, “खुर्ची इकडे आहे.”

“दोन मिनिटांचं काम आहे, आजी. वर जाऊन लगेच येतो.”

“माझे सख्खे भाऊ याच खुर्चीवर बसून चहा घेतात आणि येथूनच परत जातात.”

सर निमूट खुर्चीवर बसले. चहा घेतला. नंतर अंगणात जाऊन उभे राहिले, आलेख दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि गॅलरीतल्या मुलींना तो खालूनच समजावू लागले. मुली वरून ओरडून शंका विचारीत होत्या. हे बराच वेळ चालले. तेवढ्यात शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांची खिडकी उघडली.

“सर, तो तिसरा ठिपका मला जरा वर गेल्यासारखा वाटतो हो!”

सरांनी आलेखाची गुंडाळी केली. “परिषदेतसुद्धा,” ते म्हणाले, “इतके प्रश्न येत नाहीत!”

*

जनुके म्हणजे काय, हे मला सायलीने भाजी निवडता निवडता सांगितले. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, परंतु सगळी चालू नसतात. डोळ्यातली पेशी आपली चालू करते, यकृतातली आपली. बी पेशीचे काम अँटिबॉडी तयार करण्याचे, म्हणजे रोगजंतूला पकडणारी प्रथिने करण्याचे. त्यामुळे तिच्यात अँटिबॉडीचे जनुक सतत जागे असते.

“म्हणजे आमच्या एक्स्चेंजसारखेच की!” मी म्हटले. “तारा सगळ्यांच्या बोर्डावर येतात, पण कोणती जोडायची ते ऑपरेटर ठरवणार. आणि फायर ब्रिगेडची लाइन मात्र अहोरात्र चालू.”

सायलीच्या हातातली गवार तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने हे सरांना सांगितले. सरांना इतके आवडले, की त्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात हाच दाखला दिला. “प्रत्येक बी पेशी म्हणजे एक टेलिफोन एक्स्चेंज समजा.”

मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एका मुलीने हात वर केला. “सर, टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे काय?”

सरांनी फळ्यावर बोर्ड काढला, तारा काढल्या, खुंट्या काढल्या. कोणाला काही बोध होईना. अखेर ते म्हणाले, “असं बघा, बी पेशीत जशी जनुकं असतात ना...”

आणि एक्स्चेंज सर्वांना चटकन समजले!

*

सायलीचे आजोबा, म्हणजे आबा, आपली नात करते तरी काय हे पाहण्यासाठी एकदा आले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणे. व्हरांड्यात बसताच म्हणाले, “बाई, आमाला जिन्याचा नियम ठावं हाय. आमी हितंच बरं.” मला गृहस्थ तत्क्षणी आवडले.

मुलींनी आम्हा दोघांनाही प्रयोगशाळेत नेले. काचेच्या दाराच्या उबदार कपाटात चपट्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या, त्यांत गुलाबी पाणी.

“ह्यात काय हाय?” आबांनी विचारले.

“पेशी आहेत, आबा. जिवंत.”

“जित्या? मंग खायाला कोन घालतं?”

“मीच घालते. एक दिवसाआड.”

“आन् सनावाराला?”

“त्यांना कसला सणवार, आबा? नाही घातलं तर मरतात.”

आबांनी वाकून एकेक बाटली न्याहाळली. सायली चुलत बहिणीच्या साखरपुड्याला गेली नव्हती, म्हणून घरात सगळेच रुसलेले होते. त्या संध्याकाळी आबांनी घरी जाऊन सर्वांना सुनावले, “पोरीला आता कुनी बोल लावायचा न्हाई. तिच्याकडं जित्राब हाय!”

तेव्हापासून ती कोणत्याही कार्याला गेली नाही तरी भावकी पाहुण्यांना सांगते, “न्हाई जमलं तिला. जित्राब हाय ना!”

*

त्याच भेटीतला हा दुसरा प्रसंग.

कपाटाच्या खालच्या खणात एक बाटली वेगळी ठेवली होती. मुली तिला ‘पणजोबा’ म्हणतात. कित्येक दशकांपूर्वी परदेशातल्या एका माणसाला बी पेशींचा कर्करोग झाला. त्याच्या पेशी डॉक्टरांनी बाटलीत वाढवल्या. माणूस गेला, पेशी मात्र अजून वाढत आहेत. जगभर वाटल्या गेल्या आणि तळेगावातही पोहोचल्या.

“पण न मरायला झाले तरी काय त्यांना?” मी विचारले.

“तुमच्याच भाषेत सांगते, आजी,” मेघना म्हणाली. “पेशीची वाढ करणारं एक जनुक असतं. ते गरजेपुरतंच चालू व्हायला हवं. पणजोबांमध्ये ते आपल्या जागेवरून तुटलं आणि अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन चिकटलं. ती लाइन तर चोवीस तास चालू!”

म्हणजे कोणा उपद्व्यापी माणसाने आपली तार उचलून फायर ब्रिगेडच्या लाइनला जोडावी, तसे झाले. मला पटले. आबांना एवढेच कळले, की माणूस कधीच वारला आणि हे मात्र अजून खात आहेत.

आबांनी टोपी काढली, बाटलीपुढे हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, “लय जगलास बाबा. आता टेक की जरा!”

*

पुढे सरांना वृद्धांच्या रक्ताची गरज पडली. लस टोचली की तरुणांच्या बी पेशींतली जनुके चटकन चालू होतात, म्हाताऱ्यांच्या रेंगाळतात. ते का, हे पाहायचे होते.

“थोडक्यात,” सायली म्हणाली, “म्हातारपणी ऑपरेटर डुलक्या घ्यायला लागतो.”

“मी ड्यूटीवर कधीही डुलकी घेतलेली नाही,” मी म्हटले. “काढा रक्त!”

रक्त काढून झाले. मेघनाने नळीवर नुसता एक आकडा लिहिला. मी विचारले, “माझे नाव?”

“नाव लिहीत नाहीत, आजी. कोणाचं रक्त आहे ते गुप्त ठेवतात.”

“मी आयुष्यात कोणतेही काम निनावी केलेले नाही. लिहा.”

“काहून हट्ट करता, आजी? नियम आहे!”

नियम म्हटल्यावर मी गप्प बसले असते. परंतु सर हसून म्हणाले, “लिही गं. ज्यांच्या घरात आपण जिना चढू शकत नाही, त्यांच्याशी वाद घालू नये.” आणि आकड्याखाली माझे संपूर्ण नाव लिहिले गेले. हे ध्यानात ठेवा.

*

त्यानंतरचा रविवार. मेघना नागपूरला गेली होती. सायली आत्याकडे लोणावळ्याला गेली होती आणि दुपारपर्यंत परतणार होती. परंतु पावसाळ्यातला रविवार आणि भुशी धरण! मुंबई-पुण्याच्या गाड्या अशा अडकल्या होत्या, की चालणाऱ्या माणसाने रिक्षाला मागे टाकावे. चार वाजता सायलीचा रडवेला फोन आला.

“आजी, पेशी उपाशी राहतील हो!”

इतर वृद्धांच्या पेशींचे काम आटोपले होते. राहिल्या होत्या माझ्या पेशी आणि कायमचे बिऱ्हाडकरू पणजोबा. शेवटी सायलीने भीतभीत सरांना फोन केला. सरांनी बऱ्याच वर्षांत नळी हातात धरली नव्हती. परंतु उत्साह असा, की जणू त्यांना कोणी लग्नाचेच आमंत्रण दिले! थोड्या वेळाने सायलीच्या मोबाइलवर त्यांचे छायाचित्र आले. पांढरा कोट, हातमोजे, चेहऱ्यावर विजय. खाली मजकूर : “आजी आणि पणजोबा दोघेही जेवले. दहा मिनिटांत! तुम्ही मुली उगाच तासभर लावता.”

सायलीने विचारले, “सर, इतक्या लवकर कसं काय?”

उत्तर आले, “अनुभव!”

*

पुढचे काही दिवस मुली जेवताना फार खूश होत्या. बाटलीत काढलेल्या साध्या बी पेशी थोड्या दिवसांत आपोआप संपतात. माझ्या संपेनात.

“आजी, तुमच्या पेशी मरतच नाहीत हो! सगळ्यांच्या कधीच गेल्या.”

“नियमित जेवण,” मी म्हटले. “आठ वाजता.”

आणखी काही दिवस गेले आणि हसणे थांबले. मेघना माझ्या हातातली बादली ओढून घेऊ लागली. सायलीने माझ्या आधी उठून चहा ठेवला. लोणच्याचा चमचा चुकला म्हणून मी बोलले, तर दोघींपैकी एकीनेही तोंड वाकडे केले नाही! त्याच वेळी मला संशय आला.

“बसा,” मी म्हटले. “मी एक्स्चेंजमध्ये होते. लाइनवर कोणी श्वास रोखून बसला, तरी मला कळते. काय झाले आहे?”

सायली पानाकडे पाहत राहिली. मेघनाने सांगितले. माझ्या पेशी नुसत्या जगत नव्हत्या, दुपटीने वाढत होत्या. वाढीचे ते जनुक त्यांच्यात अखंड चालू सापडले होते.

“पणजोबांसारखे?”

“हो.”

“म्हणजे कर्करोग.” तो शब्द त्यांना उच्चारवत नव्हता, म्हणून मीच उच्चारला.

“तसं नाही, आजी. भेसळ असू शकते. आम्ही प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवतो, मध्ये हातमोजे बदलतो, सगळं पुसून घेतो, त्यामुळे तशी शक्यता कमी आहे... पण सरांनी पेशी ओळखचाचणीला पाठवल्यात. आणि तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा. उद्याच.”

आणि सायली एकदम रडू लागली. “नाव नसतं लिहिलं, तर कोणाच्या आहेत ते मला कळलंच नसतं!”

“मग ते बरे झाले असते का?” मी विचारले. “जेव.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला तपासले, रक्त घेतले. रिपोर्ट साधारण बरा होता. “पण प्रयोगशाळेत पेशी अशा वागत असतील, तर मी डोळेझाक करणार नाही,” ते म्हणाले. “हाडातला मगज तपासू. गुरुवारी सकाळी या.”

मी घरी आले. संध्याकाळची बुद्धवंदना नेहमीच्या वेळी केली. शेवटच्या ओळी मात्र दोनदा म्हटल्या, कारण पहिल्यांदा म्हटल्याचे लक्षातच राहिले नव्हते.

*

बातमी वस्तीपर्यंत पोहोचली. मंगळवारी आबा एसटीने आले. पिशवीत इंद्रायणी तांदूळ. व्हरांड्यात बसले, टोपी मांडीवर ठेवली.

“बाई, आमच्या पोरीनं तुमच्या रक्तात कायबाय काढलंय म्हनं?”

“तिने काढलेले नाही, आबा. तिला दिसले.”

“दुसऱ्याच्या रक्तात बगायचंच कशापायी मी म्हंतो! आमी कदी कुनाच्या बगिटलं का?”

“तिचे कामच आहे ते.”

आबांनी तांदळाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “तांदूळ नवा हाय. पानी कमी घाला, न्हाईतर चिकाट होतोय.” आणि जिन्याजवळ जाऊन, पायरीला पाय न लावता, वर मान करून ओरडले, “सायले! बाईंना एकटं सोडायचं न्हाई. जित्राब ऱ्हाऊ दे उपाशी!”

नातीच्या पेशींविषयी त्यांच्या तोंडून असे वाक्य येईल, हे कोणाला खरे वाटले नसते.

*

आणि बुधवार उजाडला.

मगजाची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघी मुलींनी सुट्टी काढली होती. दुपारी मी वरच्या मजल्यावर त्यांना कपाटांच्या किल्ल्या समजावून देत होते. कोणती कोणत्या कुलपाची, कोणती नुसती अडकते, कोणती उलटी फिरवायची. सायली किल्ल्या हातात घ्यायला तयार नव्हती. “नंतर सांगा, आजी. गुरुवारनंतर सांगा.” मी म्हणत होते, की व्यवस्था आधी करायची असते, नंतर नव्हे.

इतक्यात फाटक धाडकन वाजले. मी गॅलरीत गेले. खाली सर होते. डोक्यावर हेल्मेट तसेच, स्कूटर रस्त्यात आडवी, हातात मोबाइल. ते धावत जिन्यापर्यंत आले, एक पाय पायरीवर टाकला, काहीतरी आठवून तो मागे घेतला आणि पुन्हा अंगणात जाऊन गॅलरीकडे तोंड करून उभे राहिले.

“आजी! पुरुष सापडला!”

शेजारच्या इंजिनिअरांची खिडकी उघडली.

“सर, हळू बोला,” मी म्हटले. “कोठे सापडला?”

“तुमच्यात! म्हणजे तुमच्या बाटलीत! ओळखचाचणी आली. त्या पेशी बाईच्या नाहीतच, पुरुषाच्या आहेत! तुमच्या नाहीत त्या, आजी! एकसुद्धा नाही!”

समोरच्या घरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या.

“कोण हो? कोण सापडलं?” इंजिनिअरांनी विचारले.

“पणजोबा!” सर ओरडले.

“कोणाचे?”

“कोणाचेच नाहीत!” आणि पुन्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, “माझीच चूक, आजी. त्या रविवारी दहा मिनिटांत उरकलं ना मी! खाण्याची एकच बाटली, एकच नळी. आधी पणजोबा, मग तुम्ही. त्यांचे थेंबभर तुमच्यात आले, तुमच्या पेशी रीतसर संपल्या आणि मागं वाढत राहिले ते पणजोबा! डॉक्टरांशी बोललो मी. त्यांनी उद्याची तपासणी रद्द केली!”

“एकाच चमच्याने?” मी विचारले.

“एकाच चमच्याने,” सर म्हणाले आणि हेल्मेटसकट त्यांनी मान खाली घातली.

मागे सायली जमिनीवर बसून किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून हसत होती की रडत होती, ते सांगता येत नव्हते. मी गॅलरीच्या कठड्याला धरून थोडी उभी राहिले. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या माझ्याकडे पाहत होत्या. पदर नीट केला.

“सर,” मी म्हटले, “हेल्मेट काढा, चप्पल पायरीपाशी ठेवा आणि वर या.”

सर हलेनात. मेघनाने माझा हात धरला. “आजी... जिना?”

“एक पुरुष आधीच आत येऊन महिनाभर जेवून गेला, असे म्हणता ना?” मी म्हटले. “मग आता दुसऱ्याला खाली अडवून काय उपयोग!”